तेवीस नंबरचं पोतं

पोतं उसवलं, तेव्हा आतून पाच विटा आणि एक जुनी चादर निघाली.

राघोत्तमने पुन्हा आत हात घातला. दगड नव्हता.

पेरुंगळत्तूरच्या या तिसऱ्या मजल्यावर सामान येऊन दोन दिवस झाले होते. तिरुवल्लिक्केणीच्या जुन्या घरातून एकतीस नग निघाले आणि एकतीस पोचले. तेवीस नंबरच्या पोत्यात त्याच्या आईचा आट्टुकल असायला हवा होता. इडलीचं पीठ वाटायचा दगडी रगडा. वजन पन्नास किलो.

त्याने सामान हलवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. शुक्रवारी सकाळी अकराला प्रमोदिनी आली.

प्रमोदिनी मूळची साताऱ्याची. गेली नऊ वर्षं चेन्नईत वाहतुकीत फुटलेल्या, हरवलेल्या मालाची तपासणी करत होती. आजवर टीव्ही, कपाटं, एकदा एक पियानो. दगड पहिल्यांदाच. पण कंपनीच्या मालकाने तिला निघताना बजावलं होतं, "तुमचा अहवाल आला की एळुमलैला काढतो. पोतं त्यानंच शिवलं, त्यानंच वर नेलं."

एळुमलै हमाल होता. सोळा वर्षं या कामात. एकही तक्रार नव्हती.

"हमालानंच वाटेत टाकला," राघोत्तम म्हणाला. "लिफ्ट नाही. तीन मजले कोण चढवणार?"

"आडी महिन्यात घर बदललंत?"

"म्हणून तर परवडलं. आडी अशुभ म्हणून इथं कोणी घर बदलत नाही, गाड्या रिकाम्या उभ्या असतात. आम्ही आधीच्या महिन्यात येऊन दूध उकळून गेलो. शास्त्र झालं. मग अर्ध्या भाड्यात गाडी, माणसं, सगळं. मी एक डबासुद्धा उचलला नाही."

"आणि हा दगड? हल्ली मिक्सर असतो."

"अम्मा म्हणत होती, राहू दे तिथंच. मीच हट्ट धरला. पंचेचाळीस वर्षं त्यावर वाटलंय तिनं. त्या दगडासाठी दोन माणसांची जादा मजुरी भरलीय मी."

त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर. त्याने कट केला.

"भंगारवाले. जुना सोफा ॲपवर विकायला टाकला होता. सोफा कधीच गेला. आता बुधवारपासून रोज फोन, 'सर, केवढ्याला देणार?' उचलायचंच बंद केलंय."

प्रमोदिनीने लिहून घेतलं.

"घरातून सामान निघताना यादी कोण बघत होतं?"

"अम्मा. मी मोटारसायकलवरून पुढं आलो होतो."

सीतालक्ष्मी कॉफी घेऊन आली. सत्तरी ओलांडलेली, बारीक, ताठ. पेल्याखालचा पितळी डबरा पुढे ठेवताना तिच्या बोटांची टोकं दिसली. लालसर तपकिरी. रांगोळीभोवती ओढायच्या कावेचा रंग.

प्रमोदिनीने दाराकडे पाहिलं. उंबऱ्यापुढे रांगोळी नव्हती.

"अप्पा मार्गळी महिन्यात गेले," राघोत्तमने खुलासा केला. "वर्ष व्हायचंय. तोवर आम्ही कोलम घालत नाही."

"अम्मा, दगड गेला म्हणून वाईट वाटलं असेल," प्रमोदिनी म्हणाली.

"दगड तो," सीतालक्ष्मी म्हणाली. "जाऊन जाऊन कुठे जाईल?" आणि आत गेली.

"हमालाबद्दल त्यांना माहीत आहे?"

"नाही सांगितलं. उगाच त्रास. अप्पा गेल्यापासून ती बोलतच नाही. पहाटे पाचला देवळात जाते, नऊला येते, की झालं."

"देऊळ लांब आहे?"

"नाही हो. कोपऱ्यावरच."

खाली वॉचमन खुर्ची टाकून बसला होता.

"पोती कोणी कोणी नेली वर?"

"कपाट चौघांनी. फ्रिज दोघांनी. पोती एकेकानं."

"सगळी?"

"सगळी. तो एळुमलै तर एक खांद्यावर, एक हातात. मी म्हटलंसुद्धा, जिमला जातोस का रे?"

गाडीचा मार्ग तिने मोबाइलवर तपासला होता. तिरुवल्लिक्केणी ते पेरुंगळत्तूर, एक तास वीस मिनिटं. सिग्नल सोडून गाडी कुठेही थांबली नव्हती.

एळुमलै गोदामाबाहेर बसला होता. खांद्यावरचा टॉवेल मांडीवर घेऊन.

"तेवीस नंबरमध्ये काय होतं?"

"लक्षात नाही, मॅडम."

"किती जड होतं?"

"लक्षात नाही."

"सोळा वर्षं वजनं उचलतोयस. जड की हलकं, तेही लक्षात नाही?"

त्याने टॉवेलची घडी घातली, मोडली.

"नोकरी जाईल तुझी. मुलं किती?"

"दोन मुली." मग थांबून म्हणाला, "मुली आहेत, म्हणूनच, मॅडम. यापुढे विचारू नका."

प्रमोदिनीने वही मिटली. संध्याकाळी तिने राघोत्तमला फोन केला. "उद्या सकाळी सातला जुन्या घरापाशी या. अम्मांना सांगू नका."

शनिवारी सातला गल्लीत दूधवाले आणि दोन गायी होत्या. जुन्या घराला कुलूप होतं. भिंतीवर पाटी लागली होती: आवणी महिन्यात पाडकाम सुरू.

दाराशेजारी, पायरीला टेकून, आट्टुकल होता. त्याच्यासमोर सीतालक्ष्मी उकिडवी बसली होती. शेजारी नारळाच्या करवंटीत काव. रात्रीच्या सरीने पुसट झालेली अक्षरं ती बोटाने पुन्हा गिरवत होती.

एळुमलै थोड्या अंतरावर उभा होता. प्रमोदिनीनेच त्याला बोलावलं होतं.

"अम्मा?" राघोत्तम म्हणाला.

तिचं बोट थांबलं. तिने मागे पाहिलं नाही.

प्रमोदिनी हळू आवाजात बोलू लागली.

"पन्नास किलोचं पोतं एक माणूस खांद्यावर टाकून, दुसरं हातात घेऊन तीन मजले चढत नाही. म्हणजे वर गेलं तेव्हा दगड आत नव्हता. गाडी वाटेत थांबली नाही. म्हणजे दगड इथून निघालाच नव्हता. आणि इथे यादीवर खूण करायला एकच माणूस होतं."

"पण विटा कशाला?"

"एकतीसचे एकतीस नग भरावेत म्हणून. चोराला त्याची काय गरज? दगड नको असता, तर त्या सांगून इथेच ठेवू शकल्या असत्या. पण तुम्ही हट्ट धरलात आणि खरं कारण त्यांना सांगता येत नव्हतं. घरात वर्षाचा दुखवटा आहे, कोलम नाही, तरी बोटांना काव. कोपऱ्यावरचं देऊळ, तरी चार तास. लोकलनं येऊन जाण्याएवढा वेळ. आणि तुमचा सोफा विकला गेला तरी फोन येत राहिले. बुधवारपासून. घर बदललंत मंगळवारी."

राघोत्तम खाली वाकला. दगडावर तमिळमध्ये तीन ओळी होत्या. नव्या घराचा पत्ता. त्याखाली त्याचा स्वतःचा मोबाइल नंबर. आणि सगळ्यांत वर एक नाव.

जननी.

एकोणीस वर्षांत ते नाव घरात कोणी उच्चारलं नव्हतं. बहिणीने मनाजोगतं लग्न केलं, तेव्हा अप्पा याच दारात म्हणाले होते, पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही. राघोत्तम तेव्हा तेवीस वर्षांचा होता. तो अप्पांच्या शेजारी उभा होता.

"तिला हेच दार ठाऊक," सीतालक्ष्मी म्हणाली. "अप्पा गेल्याचं कधीतरी कानावर जाईल. येईल ती. कुलूप बघेल. कागद लावला तर उडून जातो. भिंत तर पाडणार म्हणतात. हा दगड कोण उचलणार?"

"मला सांगायचं होतंस, अम्मा."

"कसं सांगायचं? तू त्यांच्याच बाजूस उभा होतास."

राघोत्तमने दाराच्या कुलपाकडे पाहिलं.

"यालाच मी म्हटलं," तिने एळुमलैकडे मान वळवली. "म्हटलं, बाबा, माझ्या लेकीसाठी आहे, कोणाला बोलू नको. तुझ्या मुलींची आण घातली."

"त्याची नोकरी चालली होती, अम्मा," प्रमोदिनी म्हणाली. "आज."

सीतालक्ष्मीने करवंटी खाली ठेवली. पायरीला धरून उठली. कावेने भरलेले हात जोडून ती एळुमलैपुढे उभी राहिली.

"मला कोणी सांगितलं नाही, बाळा."

"हात खाली करा, अम्मा," तो घाईने म्हणाला. "मला पाप लागेल."

ती मुलाकडे वळली. "का नाही सांगितलंस?"

"तुला त्रास नको म्हणून."

"आपल्या घरात सगळे असेच गप्प बसतात."

प्रमोदिनीने आपल्या गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून अहवाल लिहिला. नग क्रमांक तेवीस गहाळ नाही. मालकिणीच्या सांगण्यावरून मूळ जागी ठेवला. कामगाराचा दोष नाही. राघोत्तमने सही केली. मग तो पाटीसमोर जाऊन उभा राहिला. आवणी लागायला अकरा दिवस होते. जेसीबीला पन्नास किलो म्हणजे काहीच नाही, हे त्याला कळत होतं.

"एळुमलै," तो म्हणाला, "समोर, रस्त्यापलीकडच्या नळाशेजारी न्यायचा झाला तर किती माणसं लागतील?"

"दोन."

राघोत्तमने बाह्या वर केल्या आणि दगडाच्या एका बाजूला बसला.

वीस पावलांत ते तीनदा टेकले. दगड नळाशेजारी ठेवला तेव्हा त्याचा शर्ट कावेने माखला होता आणि नावाची दोन अक्षरं पुसली गेली होती. सीतालक्ष्मी करवंटी घेऊन पुन्हा खाली बसली.

त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर.

त्याने दोन्ही हात शर्टाला पुसले आणि उचलला.

"हॅलो," तो म्हणाला. "कोण?"

पलीकडून कोणीतरी विचारलं, तो दगड केवढ्याला देणार.

सीतालक्ष्मी वर बघत होती.

"विकायचा नाही," राघोत्तम म्हणाला.

फोन त्याने खिशात ठेवला नाही. आईशेजारी फुटपाथवर बसून तो हातातच धरून राहिला.