कोठीतली हजेरी

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर शेवट नक्की वेगळा केला असता.

रायपूरमधल्या एका विद्यापीठाचं मुलींचं वसतिगृह. नाव सांगत नाही. तिथं आजही मुली राहतात, त्यांच्या आईबापांना रात्री झोप लागली पाहिजे. मी तिथली वॉर्डन, कौमुदी. वडील नागपूरकडचे, रेल्वेत होते. माझा जन्म मात्र इथलाच, पुरानी बस्तीतला.

तारीख १६ मे २०२३. मंगळवार. दुपारचे सव्वाचार.

हो, दुपारचेच. भुतंखेतं रात्रीची असतात असं मीही समजत होते.

आमच्याकडे उन्हाळा सरताना वीज माणसं मारते. शेतात, झाडाखाली, गच्चीवर. म्हणून विद्यापीठानं प्रत्येक वसतिगृहाला वादळाची तयारी करायला सांगितली होती. आमची योजना मी स्वतः लिहिली. सायरन वाजला की सगळ्यांनी मेसमागच्या कोठीत यायचं. मी हजेरी घेणार. सगळ्या आल्या की लोखंडी दाराला आतून कडी.

कोठी म्हणजे धान्याची खोली. खिडकी नाही. जाड भिंती, तांदळाची पोती, मोहरीच्या तेलाचा वास.

कामंही वाटून दिली. पोरींपैकी राधिकाकडे औषधांची पेटी. स्वयंपाकीण शेवंताबाईंकडे गॅस बंद करणं. आणि गच्चीचं दार लावायचं काम मोनालीकडे.

मोनाली ही शेवंताबाईंची मुलगी. घर रायपूरलगतच्या बीरगांवला, विदर्भातून आलेल्यांच्या वस्तीत. आई आमच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची, लेक आमच्याच कॉलेजात बी.एस्सी. करायची. जिना ती दोन-दोन पायऱ्यांनी चढायची.

म्हणून मी तिचं नाव लिहिलं. माझ्या हातानं.

एप्रिलमध्ये सराव घेतला, तेव्हा नुसता हसण्याचा बाजार झाला.

"बाई, हे काय नाटक लावलं तुमी?" शेवंताबाई पदराला पीठ पुसत म्हणाल्या. "तिकडं माह्या पोळ्या करपून राहिल्या."

"आई, तू चूप बस ना," मोनाली म्हणाली. "तुह्या पोळ्या तशाही करपतातच."

सगळ्या पोरी खिदळल्या.

हजेरीत राधिकानं वर झोपलेल्या मैत्रिणीच्या नावावर आवाज बदलून 'प्रेझेंट' ठोकलं. मी पकडलं तिला.

"अरे दीदी, मॉक ड्रिल ही तो है! क्लास में भी तो प्रॉक्सी चलती है."

"वीज प्रॉक्सी मानत नाही, राधिका."

मग मी त्यांना समजावलं. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावायला भ्यायचं नाही. श्वास थांबला असेल तर छाती दाबायची, लगेच दाबायची. पहिली काही मिनिटंच त्याची असतात.

मोनालीचं नाव घेतलं की ती 'प्रेझेंट' म्हणायची नाही. इथल्या छत्तीसगढीत म्हणायची, "हव." म्हणजे हो. पण 'ह' खोल सोडायची आणि 'व' वर उचलायची. विहिरीतून पोहरा वर यावा तसा तो शब्द यायचा. अंधारातही ओळखावा असा.

हे लक्षात ठेवा.

त्या मंगळवारी चार वाजता मोबाइलवर इशारा आला. पाच मिनिटांत दिवस काळवंडला. मी सायरन दाबला. पोरी चपला हातात घेऊन धावल्या. मोनाली जिन्याकडे पळताना मला दिसली.

पोरी आत आल्या आणि वीज गेली.

माझ्या बॅटरीचा उजेड यादीच्या कागदापुरता. बाकी काळोख. बाहेर मेसच्या पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला, तेव्हा मी पहिलं नाव घेतलं. हे मला पक्कं आठवतं, कारण पत्र्याच्या आवाजावर मला ओरडावं लागत होतं.

आणि वर, तिसऱ्या मजल्यावर, गच्चीचं दार आपटत होतं.

धाड... धाड...

मनात आलं, मोनालीनं दार लावलं नाही वाटतं. तेवढ्यात तिचंच नाव आलं.

"मोनाली!"

"मोनाली?"

पोत्यांच्या बाजूनं...

"हव."

"आली वो बाई, माहीच पोट्टी हाये," शेवंताबाई म्हणाल्या. केवढी सुटका होती त्या आवाजात!

त्याच क्षणी वरचं दार आपटायचं थांबलं.

मी नावापुढे खूण केली. यादी पूर्ण झाली. छत्तीस पोरी. मी कडी लावली.

पाऊण तास आम्ही तिथं बसलो होतो. कोणी गाणी म्हटली, कोणी रडली. मोनाली एक शब्द बोलली नाही. पेपर आहे उद्या, धास्तावली असेल, असं मला वाटलं.

पाऊस थांबल्यावर कडी काढली. पोरी एकेक करून उजेडात आल्या.

पस्तीस.

शेवंताबाई दारातच उभ्या राहिल्या. कोठीत वळून बघत होत्या. "मोना? ये ना भायेर. कायले लपून राहिली?"

आत फक्त पोती होती.

चौकीदार गुलाबराव वर गेले. मी त्यांच्या मागे. गच्चीच्या दाराला कडी होती.

आतून.

गुलाबरावांनी ती काढली. बाहेर, दोरीखाली, मोनाली पालथी पडली होती. दार लावायच्या आधी पोरींचे वाळत घातलेले कपडे काढायला ती पुढे गेली असणार. कवळाभर कपडे छातीशी धरून पडली होती. मी तिला उताणं केलं. छाती दाबली. दाबत राहिले. गुलाबरावांनी माझे हात धरून बाजूला केले, तोवर.

तिच्या अंगाखालचे ते कपडे मी नंतर उचलले.

आतले, छातीशी धरलेले, कोरडे होते.

समजलं का? पाऊस पडायच्या आधीच ती पडली होती. आणि मी हजेरी सुरू केली ती पाऊस लागल्यावर.

मग "हव" कोण म्हणालं? कडी आतून कोणी लावली?

आम्ही राधिकाला विचारलं. तिनं रडून शपथा घेतल्या. मीही तिला किती वेळा विचारलं असेल... कारण तिनं हो म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. कोणीतरी प्रॉक्सी दिली, असं म्हणून मी झोपू शकले असते.

आणि तो आवाज आला नसता, तर मी वर धावले असते. पहिली काही मिनिटं... ती तिची होती. ती त्या एका शब्दानं खाल्ली.

शेवंताबाईंनी मला कधीच बोल लावला नाही. तेराव्या दिवशी त्या कामावर आल्या. "जय भीम बाई" म्हणाल्या, पीठ मळायला बसल्या. मीच पाया पडायला वाकले, तर मला उठवून म्हणाल्या, "तुमी काहून रडता? म्याबी आयकलं ना. पोटची पोर वळखत नाही का माय? तेच होती."

मी यादी बदलली. गच्चीचं दार आता कुठल्याच पोरीकडे नाही. त्या कामापुढे माझं नाव लिहिलं. हजेरीचा नियमही बदलला. नाव घेतलं की हात वर करायचा आणि मी तोंडावर उजेड टाकणार.

शेवंताबाई तांदूळ निवडायला कोठीतच बसू लागल्या. दार उघडं टाकून. जात्यावर म्हणतात त्या चालीत काहीतरी गुणगुणायच्या. एकदा मी बाहेर उभी राहून ऐकलं.

*आभाळ भरून आलं, दार लावू नका बाई*
*एक लेक बाहेर हाये, अजून घरी आली नाई...*

मी पुढं ऐकू शकले नाही.

पुढच्या वर्षी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पुन्हा वादळ आलं. या वेळी इशाऱ्याच्या आधीच आलं. संध्याकाळचे सहा. सायरन, धावपळ, मी गच्चीचं दार लावून खाली आले. पोरी कोठीत. वीज गेली.

नाव, हात, उजेड. नाव, हात, उजेड.

"गंधाली!"

"गंधाली?"

पोत्यांच्या बाजूनं...

"हव."

मी उजेड तिकडे फिरवला.

पोती. नुसती पोती.

माझ्या दंडाला कोणीतरी घट्ट धरलं. शेवंताबाई होत्या.

"बाई," त्या कुजबुजल्या, "ते गंधाली नोहे. माही मोना व्हय."

"गंधाली कुठंय?" मी ओरडले.

एक पोरगी रडत म्हणाली, "दीदी, वो स्कूटी अंदर रखने गई थी..."

मी यादी तिथंच टाकली. पावसात धावले. सायकल स्टँडशेजारचं कडुलिंबाचं झाड मधोमध चिरलं होतं. त्याच्यापासून दहा हातांवर गंधाली चिखलात पडली होती. श्वास नव्हता.

मी छाती दाबली. तीस वेळा. दोन श्वास. पुन्हा तीस. राधिका माझ्या मागे धावत आली होती. ती मोठ्यानं आकडे मोजत होती आणि रडत होती.

चौथ्या खेपेला गंधाली खोकली.

ती वाचली. एका कानानं कमी ऐकू येतं, पण वाचली. सगळं वसतिगृह शेवंताबाईंच्या गळ्यात पडलं. मोनालीनंच जीव वाचवला, असं पोरी म्हणू लागल्या. शेवंताबाईंनी वर्षभरानं पहिल्यांदा डोक्याला तेल लावलं.

मीही तेच मानलं असतं.

पण दवाखान्यात गंधाली मला एकटीला गाठून बोलली.

"दीदी, मुझे हाजिरी सुनाई दे रही थी. आपकी आवाज़."

"गंधाली, तू दोनशे पावलं लांब होतीस. इतक्या पावसात..."

"सुनाई दे रही थी. आपने मेरा नाम लिया. मैंने बोलने के लिए मुँह खोला." ती चादरीचं टोक पिळत राहिली. "पर मुझसे पहले कोई बोल गई."

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या उशाशी झोपतो.

मोनाली गंधालीच्या जागी बोलली, ती मला कळावं म्हणून? की मी पुन्हा एकदा खूण करावी, कडी लावावी आणि गंधाली तिच्यापाशी राहावी म्हणून?

आणि पहिल्या वर्षी, मोनालीच्या जागी... तेव्हा कोण बोललं होतं?

शेवंताबाईंना हे मी विचारलेलं नाही. कधी विचारणारही नाही. त्यांच्याकडे लेकीचं तेवढंच उरलंय.

आता शेवटचं.

या वर्षी एप्रिलमध्ये सराव झाला. स्वच्छ ऊन. राधिका आता एम.एस्सी.ला आहे. तिलाही हे काम यायला पाहिजे म्हणून या वेळी हजेरी तिला घ्यायला लावली. दार सताड उघडं, दिवे चालू. पोरी खिदळत होत्या. शेवंताबाई पोत्यावर बसून शेंगा सोलत होत्या.

नवीन यादीत सगळ्यात शेवटी माझं नाव आहे.

"और लास्ट... कौमुदी दीदी!" राधिका लाडानं म्हणाली.

मी हसले. बोलायला तोंड उघडलं.

"हव."

माझ्या मागून. अगदी कानाशी.

राधिकानं खूण केली. तिला वाटलं, मीच बोलले. पोरींना वाटलं, मीच बोलले. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि गेल्या.

फक्त शेवंताबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग हलकेच म्हणाल्या, "बाई... आभाळ आलं की तुमी भायेर नका जाऊ."

आज दुपारी साडेतीनला इशारा आला. मी हे कोठीत बसून मोबाइलवर लिहितेय. सायरन वाजवून झालाय. पोरी सगळ्या आत आल्या आहेत, प्रत्येकीच्या खांद्याला मी हात लावून मोजलंय. शेवंताबाई दाराशी बसल्या आहेत, माझी ओढणी मुठीत धरून.

वर गच्चीचं दार उघडं राहिलंय. मी अजून गेलेले नाही. कागदावर त्या कामापुढे माझं नाव आहे, आणि आत्ता या क्षणी ते दार आपटतंय...

धाड... धाड...

कोणालातरी जायला हवं. दुसऱ्या कुणा पोरीला मी पाठवणार नाही. एवढं लिहून उठते. शेवंताबाईंची मूठ सोडवते.

थांबा.

दार आपटायचं थांबलं.

तीन मजले वरची कडी सरकल्याचा आवाज इथवर येत नाही. पत्र्यावर पाऊस असताना तर नाहीच. गंधालीलाही दोनशे पावलांवरून हजेरी ऐकू यायला नको होती.

मला आला.