पुढे सरकवलेली जीप

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. जिच्या वाट्याला आली ती व्यक्ती म्हणजे माझे सख्खे मामा, शालिग्राम मामा. गोष्ट रचून सांगायला जे डोकं लागतं ते त्या माणसाकडे नाही, हे आमच्या घरात कुणीही सांगेल. मामांनी आयुष्यात दोनच कामं केली. थोडी शेती, आणि धाड ते बुलढाणा काळी-पिवळी जीप.

भुतं म्हणे रात्री दिसतात.

हे घडलं ते भरदुपारी एक वाजता. गेल्या वर्षीचा एप्रिल, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा बाजार, धाडचा जीप स्टँड. ऊन असं, की जीपच्या बॉनेटवर हात टेकवला तर फोड यावा.

आधी चाव्यांचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्या स्टँडवरच्या सगळ्या जीपा एकाच जुन्या मॉडेलच्या. वीस-वीस वर्षं चालून त्यांच्या चाव्या आणि लॉक इतके झिजलेत, की कुणाचीही चावी कुणाच्याही जीपला लागते. मामा तर एकदा दुसऱ्याचीच जीप घेऊन थेट घरी आले होते. झुंबरमामींनी दारातूनच विचारलं, "आपल्या गाडीत तं महाराजाचा फोटो व्हता. हा मारोती कुठून आला?"

तेव्हा कुठे मामांना कळलं. आम्ही यावरून त्यांना अजून चिडवतो. म्हणजे... चिडवायचो.

या चाव्यांमुळेच स्टँडवर एक रीत पडली. जीपा रांगेत उभ्या राहतात. पहिली भरली की निघते आणि बाकीच्या एकेक जागा पुढे सरकतात. एखादा ड्रायव्हर चहाला किंवा बाजारात गेला असेल, तर त्याची जीप मागचा ड्रायव्हर स्वतःच्या चावीने पुढे घेतो. विचारायचं नाही, सांगायचंही नाही. माणूस नसला तरी त्याचा नंबर जाऊ द्यायचा नाही. ही रीत मोडणाऱ्याला स्टँडवर कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही.

मामांनी ती एकदा मोडली होती. पण हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मामींनाही नाही.

तर त्या दिवशी मामांसोबत त्यांची मुलगी अर्पिता होती. बीएस्सीचं पहिलं वर्ष, बुलढाण्याला तीन वाजता पेपर. ती निंबाच्या सावलीत वही उघडून बसली होती. मामांच्या जीपच्या पुढे तीन जीपा होत्या आणि त्यांचा नंबर लवकर लागेल असं दिसत नव्हतं.

"पुढची जे गाडी पयले भरंल तिच्यात बसून जाजो," मामा तिला म्हणाले. "माह्या नंबरची वाट पाहू नको. पेपर चुकन."

पहिली जीप आधीच ठासून भरली होती, ती निघाली.

दुसरी सरकली. पण मामांच्या अगदी पुढे जी होती, ती तिथेच उभी. ड्रायव्हरचा पत्ता नाही.

मामा उतरले. हातात स्वतःची चावी. दाराच्या कडीला हात लावला...

कडी गार होती.

एवढ्या उन्हात गार. सावलीत असेल, असं मामांना वाटलं. त्या जीपवर तर सावली नव्हतीच, पण एवढा विचार कोण करतो? चावी फिरली, तीही लोण्यातून सुरी जावी तशी. स्वतःच्या जीपमध्ये मामांना दोनदा हिसका द्यावा लागायचा. त्यांनी ती जीप एक जागा पुढे घेतली आणि परत येऊन मागोमाग आपलीही घेतली.

थोड्या वेळाने एक वऱ्हाड येऊन दुसरीत कोंबून बसलं, अर्पिताला जागा उरली नाही, आणि तीही जीप गेली. ड्रायव्हर अजून आलेला नव्हता.

मामा पुन्हा गेले. या वेळी सीटवर बसताच पाठीमागून गारवा लागला. सीट ओली होती. कुणीतरी गाडी धुतली असावी. पण वास धुतलेल्या गाडीचा नव्हता. वास शेवाळाचा होता.

आणि सीटखालून आवाज येत होता.

टप...

टप...

जीप पुढे लावून मामांनी उतरून खाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी ठणठणीत. नुसता फुफाटा.

पण आता ती जीप पहिल्या नंबरावर होती, तिच्या मागे मामांची. घड्याळात दीड होत आला होता. मामांनी अर्पिताला हाक मारली, स्वतःच्या हाताने त्या जीपचं मागचं दार उघडलं आणि तिला आत बसवलं.

"डायवर येईनच आता. बस निवांत."

एवढं करून ते टपरीवर चहा प्यायला गेले.

टपरीवर नागसेन बसला होता. मामांच्या मागे ज्याचा नंबर, तो हा नागसेन. वयाने लहान, तोंडाने फटकळ, पण अडीअडचणीला पहिला धावणारा. मामांना पाहून हसायला लागला.

"काय दादा, कुठी बसून आला? मांगून सारा ओला दिसून राह्यला."

मामांनी पॅन्टला हात लावला. ओली होती. हाताचा वास घेतला. शेवाळ.

आणि तेव्हा त्यांच्या तळहाताला आठवलं. डोक्याच्या आधी तळहाताला आठवलं, असं मामा सांगतात. मघाशी गिअर टाकताना मूठ हाताला वेगळी लागली होती. प्लॅस्टिकची गुळगुळीत मूठ नव्हती ती. लाकडाची होती. वर निमुळती, मध्ये फुगलेली, दोन खाचा असलेली...

भोवरा.

गिअरच्या दांड्याला बाभळीचा भोवरा बसवलेली जीप साऱ्या धाड स्टँडवर एकच होती. इंद्रभानची.

इंद्रभानला जाऊन साडेतीन वर्षं झाली होती.

तो दिवसही बाजाराचाच, दिवाळीच्या तोंडावरचा. इंद्रभानचा नंबर पहिला होता आणि तो पोरीला बांगड्या घ्यायला बाजारात गेला होता. मागे फक्त मामांची जीप, बाकीच्या फेरीला गेलेल्या. वीस माणसं एकदम आली, सगळी बुलढाण्याची. मामांनी काय करायला हवं होतं? हाक मारायची, थांबायचं. ते काही न करता मामांनी आपली जीप बाजूने काढून पुढे लावली, भरली आणि निघून गेले. इंद्रभान परत आला तोवर माणसं संपली होती. त्याने बिचाऱ्याने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग रिकामी जीप घेऊन घराकडे निघाला. त्याच बुलढाणा रस्त्याच्या वळणावर एक बिनकठड्याची विहीर आहे. पावसाळ्याचं पाणी काठोकाठ होतं. अंधार पडत होता.

सकाळी क्रेनने जीप काढली तेव्हा त्याच्या खिशात बांगड्या होत्या. एकही फुटलेली नव्हती.

कुणी मामांना काही बोललं नाही, कारण कुणाला काही माहीतच नव्हतं. ती जीप भंगारात गेली. ट्रकवर चढवायला मामांनीच हात लावला होता.

"नाग्या," मामांनी त्याचा हात धरला. "माह्या पुढं कोनाची गाडी हाय बे?"

"तुह्या पुढं?" नागसेनने कप खाली ठेवला. "तुह्या पुढं तं कोनीच नाही, दादा. दोन गाड्या व्हत्या, त्या गेल्या. मी इचारनारच व्हतो, एका गाडीची जागा सोडून काऊन लावली म्हनून."

"मी दोन डाव पुढं घेतली ते..."

"काय घेतली? तू तं नुसता पुढं जाऊन उभा राहे अन् परत ये. मले वाटलं पशिंदर पाहून राह्यला."

मामा पळाले.

जागा रिकामी होती. अर्पिता नव्हती. निंबाखाली तिची पाण्याची बाटली तेवढी पडलेली.

मामांनी आपल्या जीपमध्ये उडी मारली आणि चावी लावली. चावी आत गेली...

फिरेना.

एक हिसका. दोन. दहा. स्टँडवरच्या प्रत्येक जीपला लागणारी चावी, आपल्याच जीपला लागेना. मामा स्टिअरिंगवर हात आपटून रडायला लागले. मोठ्याने, चारचौघांत. नागसेनने त्यांना ओढून आपल्या जीपमध्ये बसवलं. काय झालं, कुठे जायचं, काहीच विचारलं नाही.

"इहिरीवर चाल," मामा एवढंच बोलले. "इंद्रभानच्या इहिरीवर."

रस्ताभर त्यांनी देवाला एकच म्हटलं. मला ने, पोरगी ठेव.

वळण आलं.

विहिरीच्या काठाशी, रस्त्याच्या कडेला, अर्पिता उभी होती.

एकटी. खांद्याला बॅग. कपडे कोरडे, केस नीट. चपला मात्र ओल्या, आणि पायाभोवतीच्या धुळीत थोडा चिखल झालेला. मामांनी तिला छातीशी धरलं. ती गोंधळली होती, पण घाबरलेली नव्हती.

"काय झालं, बाबा? तुमी काऊन रडून राह्यले? ते काका चांगले व्हते."

"कोन काका?"

"डायवर. मले तोंड नाही दिसलं त्याहीचं. सारा वेळ दुपट्ट्यानं तोंड पुसत व्हते, तरी पानी गळतच व्हतं. इथं आल्यावर म्हने, उतर बाई, इथून पुढं मी एकटाच जातो. तुहा बाप येऊन राह्यला."

"अजून काय म्हने?"

निरोप नीट आठवून सांगितला तिने, शब्दाला शब्द.

"म्हने, बापाले सांगजो, आज त्यानं माही गाडी पुढं घेतली. लय उपकार झाले. आता त्याची गाडी मी पुढं घेत जाईन."

नागसेनला याचा अर्थ कळला नाही. मामांना कळला. ते तिथेच मातीत बसले.

"अन् गाडी कुठी गेली?" नागसेनने विचारलं.

अर्पिताने बोट दाखवलं. रस्ता डावीकडे वळतो. तिचं बोट सरळ होतं.

नागसेनने विहिरीत डोकावलं. एप्रिलात तिथे पाणी नसतं. तळाशी नुसती भेगाळलेली माती. टायरचा एक माग नाही.

त्याने अर्पिताला पेपरला पोचवलं. ती पासही झाली. तिच्या अंगाला ओरखडाही आला नाही, हे आधीच सांगतो, कारण पुढची गोष्ट तिची नाही.

त्या दिवसानंतर मामांनी जीप चालवली नाही. नागसेनने ती ओढत नेऊन गावी घरामागच्या खळ्यात, अगदी शेवटी, कडब्याच्या गंजीला टेकवून लावली. मामांनी बॅटरी काढून त्यालाच देऊन टाकली. चाकांतली हवा गेली. विषय संपला, असं वाटलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मामी वैरण आणायला खळ्यात गेल्या.

जीप गंजीपासून सुटून पुढे उभी होती.

बरोबर एका जीपची जागा.

मामांनी दार उघडून सीटवर हात ठेवला. ओली.

त्यांनी बैल जुंपून जीप मागे ओढली. पुढच्या बाजाराला ती पुन्हा एक जागा पुढे. मग साखळीने खांबाला बांधली. संध्याकाळी साखळी खांबालाच होती, कुलूप लावलेलं. जीप पुढे. भंगारवाला दोनदा आला. दोन्ही वेळा त्याने ड्रायव्हरच्या दाराला हात लावला आणि आपल्या मोटारसायकलला किक मारून निघून गेला.

मामांनी आपली चावी त्या विहिरीत नेऊन टाकली. मला हे सांगताना ते स्वतःच कसनुसं हसले. चावी टाकून काय होणार होतं? त्या जीपला कुणाचीही चावी लागते.

मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा जीप खळ्याच्या फाटकाशी पोचली होती. बंपर फाटकाला टेकलेला. पलीकडे रस्ता. मी म्हटलं, मामा, बैल आणा, मागे घेऊ. तेव्हाच त्यांनी मला इंद्रभानच्या नंबराची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. सांगून झाल्यावर त्यांनी बंपरवरची धूळ हाताने पुसली.

"किती डाव मांगं घेऊ, भाचा? एक डाव त्याले मांगं ठेवलं, तेच लय झालं."

भीती नव्हती त्यांच्या चेहऱ्यावर. मला मात्र तिथे उभं राहवेना.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे उद्या धाडचा बाजार आहे.

मघाशी मी अर्पिताला फोन केला. म्हटलं, मामांना उद्या घराबाहेर पडू देऊ नको, काहीही कर. ती आधी फोन घेऊन बाहेर आली. मग हळूच म्हणाली, "दादा, बाबांनी आज दाढी केली. चांगले कपडे काढून ठेवले. उद्या स्टँडवर जातो म्हने."

"अगं, पण जाणार कशाने? त्यांची जीप तर बंद आहे."

"मी बी तेच इचारलं."

"मग?"

"म्हने, गाडी लागली हाय न पुढं."