एल्वा मावशीचे दात

पटलं तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण मी त्या खोलीत होते. जे ऐकलं ते याच कानांनी ऐकलं.

मे महिना होता. सफरचंदांची तोडणी नुकतीच संपली होती. टास्मानियात, ह्युऑन नदीकाठच्या आमच्या गावात दातांचा एकच दवाखाना आहे. मी तिथे डॉ. प्रेसकॉटांच्या हाताखाली काम करते. दात साफ करणं, सिमेंट भरणं, रूट कॅनाल, कवळी... सगळं तिथेच. डॉक्टर नवे, इमारत मात्र फार जुनी.

त्या दिवशी माझी भाची ब्रिओनी आली होती. सोबत तिची होणारी सासू, जोसेलिन.

लग्न तोंडावर आलं होतं. सुनेला लग्नाची भेट म्हणून जोसेलिनबाई व्हेनिअर्स बसवून देणार होत्या. म्हणजे समोरच्या दातांवर पातळ, पांढरीशुभ्र कवचं.

पोरीचे दात कसे होते सांगू? एकही किडलेला नाही. समोरचा एक जरासा तिरका, बस्स. कवच बसवायचं तर तो चांगला दात आधी ड्रिलने घासून बारीक करावा लागतो. आणि घासलेला दात काही परत उगवत नाही.

माझं डोकं तेव्हाच फिरलं होतं.

कारण आमच्या घरात हे एकदा होऊन गेलंय.

माझ्या आईची थोरली बहीण, एल्वा. त्या काळी इथे एक रीत होती. लग्नाआधी पोरीचे सगळे दात काढायचे आणि कवळी बसवायची, म्हणजे नवऱ्याला पुढे दातांच्या खर्चाची कटकट नको. बाप ते भेट म्हणून द्यायचा. होय, भेट म्हणून. एल्वा मावशी दातांनी अक्रोड फोडायची. तिला तिच्या बापाने, म्हणजे माझ्या आजोबांनीच, ह्याच इमारतीत आणलं. भूल द्यायला गॅस दिला...

ती उठलीच नाही.

दाढेला पू झाला होता, असं आजोबांनी गावाला सांगितलं. खोटं. साफ खोटं.

मी ब्रिओनीला हे सगळं सांगितलं होतं. ती मान खाली घालून म्हणाली, "जोसेलिन म्हणतात तर करून घेते ना, मावशी." डॉक्टरांनीही तिला नीट समजावलं होतं. पण ती सज्ञान होती. तिने हो म्हटलं, विषय संपला.

आधी दातांचं माप घेतलं. मापात मी प्लास्टर ओतलं. सुकल्यावर साचा बाहेर काढला...

त्यात दात नव्हते.

दातांच्या जागी नुसते खड्डे. नुकतेच उपटल्यासारखे.

डॉक्टरांनी साचा उलटसुलट करून पाहिला. हवा अडकली असेल म्हणाले आणि दुसरं माप स्वतः घेतलं. प्लास्टरही स्वतः ओतलं.

पुन्हा तेच.

शेवटी त्यांनी तोंडात कॅमेरा फिरवून माप घेतलं. कॉम्प्युटरवर सगळे दात नीट दिसले. झालं, पुढच्या आठवड्याची वेळ ठरली.

पुढच्या आठवड्यात त्या दोघी आल्या तेव्हा भर दुपार होती. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. जोसेलिनबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. डॉक्टरांनी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, ओठ जड व्हायची वाट बघितली आणि ड्रिल हातात घेतलं.

ड्रिल बंद पडलं.

बाहेर धरलं की चालू. तोंडाजवळ नेलं की बंद.

आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला...

कर्रम्. कर्रम्.

कुणीतरी सफरचंद खात होतं. चांगल्या भक्कम दातांनी.

मी जाऊन पाहिलं. बाहेर चिटपाखरू नव्हतं.

परत आले तर ब्रिओनीचं तोंड मिटलेलं. डॉक्टर तिला तोंड उघडायला सांगत होते. ती डोळे मोठे करून नुसती मान हलवत होती. जबडा उघडत नव्हता. घाबरून तिने माझा हात घट्ट धरला.

आणि मग...

तिचे ओठ मिटलेले होते. दातांवर दात आवळलेले. त्या आवळलेल्या दातांमागून आवाज आला. जाड, घोगरा. संतापलेला.

"एकही किडका नव्हता."

डॉक्टर दचकून मागे सरले.

"एकही नव्हता."

डॉक्टरांनी ड्रिल खाली ठेवलं. त्याबरोबर जबडा सुटला. ब्रिओनी बाजूच्या बेसिनवर वाकली आणि थुंकली.

बेसिनभर रक्त.

डॉक्टरांनी तोंड तपासलं. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

जोसेलिनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण जीभ काही थांबली नाही. ही पोरीची नाटकं आहेत, म्हणाल्या. लग्नाच्या फोटोत असले दात दाखवणार का, म्हणाल्या.

माझा ताबा सुटला.

"तुम्ही आधी बाहेर व्हा, बाई. या पोरीच्या दातांना आता कुणी हात लावणार नाही."

डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि स्वतः दार उघडून उभे राहिले.

ब्रिओनीला घरी सोडून मी तडक आईकडे गेले. ती वृद्धाश्रमात असते. सगळं सांगितलं. वाटलं, रडेल.

ती रडली नाही. तिचा चेहरा लालबुंद झाला. इतक्या वर्षांत आईला एवढं चिडलेलं मी पाहिलं नव्हतं.

"दातांसाठी चिडली असेल ती, असं वाटतं तुला?"

मग आईने जे कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. एल्वा मावशीला ते लग्नच करायचं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर तिने बापाला नाही म्हणून सांगितलं होतं.

आजोबा म्हणाले होते, "तोंड फार चालायला लागलंय तुझं."

त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात नेलं.

मी सुन्न झाले. बाहेर गाडीत येऊन बसले आणि ब्रिओनीला फोन लावला. काय करतेयस, जेवलीस का विचारलं. इंजेक्शनचा अंमल उतरला नव्हता. ओठ जड, शब्द सगळे बोबडे. तिचं बोलणं मला धड कळत नव्हतं.

मग मी सरळ विचारलं.

"ब्रिओनी, तुला हे लग्न करायचंय ना?"

पलीकडून खणखणीत, स्पष्ट उत्तर आलं.

"नाही."

तिने लग्न मोडलं. जोसेलिनबाई गावभर माझ्या नावाने खडे फोडत फिरतात. फिरू देत. आणि ते 'नाही' आपणच म्हटलं, असं ब्रिओनी शपथेवर सांगते.

असेलही.

पण ओठ बधिर असलेल्या माणसाला इतकं स्पष्ट बोलता येत नाही. एवढी वर्षं या कामात आहे मी. मला ठाऊक आहे.