पदरचं वाक्य

एकतिसाव्या दिवशी सकाळी उत्तराच्या फोनवर नेहमीचा निरोप आला. ‘आपली छाया तालमीत आहे. दिवस एकतिसावा. प्रगती सुरळीत.’

तिनं तो वाचला, फोन मुकुटांच्या पेटीवर उपडा ठेवला आणि पुन्हा द्रौपदीच्या टोपातली गाठ सोडवायला घेतली. मिरजेच्या बेडग्यांच्या, तिच्या घरच्या ड्रेपरीत, म्हणजे नाटकाचे पोशाख भाड्यानं द्यायच्या दुकानात, असे शंभरावर टोप होते. द्रौपदीचे कमरेपर्यंत रुळणारे, ऋषींचे जटांचे, म्हाताऱ्यांचे पांढरे. नाटकमंडळ्या ते पोशाखांबरोबर घेऊन जायच्या आणि घामेजलेले परत आणून द्यायच्या.

“काय म्हणती तुझी भुताटकी?” नसीमामावशीनं दारातूनच विचारलं. ती टोप विणायची. जाळीवर एकेक केस ओवायचं तिचं काम, आणि या दुकानात बसूनच करायचं, हा तिचा पंचवीस वर्षांचा हट्ट.

“बरी आहे.”

“जेवती का वेळेवर? तू तर जेवत न्हाईस. दोघींतल्या एकीनं तरी जेवावं.”

उत्तरा हसली. हसायची जागा आली की ती हसायची. त्यात तिची कधी चूक होत नसे.

पुण्याच्या रंगशाळेत अभिनयाच्या चोवीस जागा होत्या, आणि अर्ज सात हजार. एका दिवसाच्या परीक्षेत भित्री पोरं हरतात, धीट पोरं जिंकतात, म्हणून तिथल्या लोकांनी ही सोय काढली होती. फेब्रुवारीत उत्तराला त्यांनी एका रिकाम्या खोलीत तीन तास ठेवलं. त्या खोलीच्या जमिनीला पावलांचा भार कळत होता आणि भिंतींना श्वास. ती काय बोलते, कुठं अडखळते, डोळे कुठं नेते, हे सगळं यंत्रानं टिपून घेतलं आणि त्यातून तिची छाया बांधली. ती छाया चाळीस दिवस यंत्राच्या आत तालमी करते आणि तीन वर्षांचा अभ्यास तेवढ्यात उरकते. मुलगी पुढं किती वाढेल हे मुलीला विचारायचं नाही, तिच्या छायेला विचारायचं.

नाटकाला तीन घंटा होतात, तशा प्रवेशालाही होत्या. पहिली घंटा अर्ज पोचल्याची, दुसरी छाया उभी राहिल्याची. तिसरी निकालाची. उत्तरा तिसऱ्या घंटेची वाट बघत होती.

वाट बघत होती म्हणजे, दिवस जात होते. बाकीच्या मुलांचा एक गट होता, त्यावर पोरं लिहायची, झोप नाही, पोटात गोळा येतोय, देवाला नवस बोललोय. उत्तराला झोप लागायची. ऊन पडलं की ऊन, भात वाढला की भात. आत कुठंतरी कुणी दिवा मालवून दार ओढून घेतलं होतं, आणि तिला त्याचीही फार खंत वाटत नव्हती.

आईला जाऊन चौदा महिने झाले होते. त्या दिवशी आईच्या माहेरच्या, आरगच्या बायका आल्या आणि उंबऱ्यातच हेल काढून रडल्या. हेलात नुसतं रडणं नसतं. त्याला चाल असते, शब्द असतात, आणि त्या शब्दांत गेलेल्या बाईची मागं राहिलेली कामं असतात. शेंगा फोडायच्या राहिल्या गं बाई, आता कोण फोडील. लेकीची चोळी अर्धी शिवली गं बाई, आता कोण शिवील. उत्तरा तेव्हा सगळ्यांना चहा देत होती. कुणाला साखर चालत नाही हे तिच्या नीट लक्षात होतं.

रंगशाळेच्या खोलीतही एक प्रश्न आला होता. शेवटचं कधी रडलात?

“आठवत नाही,” ती म्हणाली होती. आणि ते खरं होतं.

पस्तिसाव्या दिवशी सांगलीच्या एका हौशी मंडळाचे व्यवस्थापक पोशाख परत द्यायला आले. गठडी काउंटरवर आपटत म्हणाले, “सदाण्णा, टोपांना वास मारतोय हो. आमचा भीम भर प्रवेशात शिंकला. दुर्योधन मांडी फुटून पडलाय, आणि हा शिंकतोय! लोक हसून हसून बेजार.”

“बघतो,” उत्तराचे वडील, आण्णा म्हणाले.

“गेल्या खेपेलाही बघतोच म्हणाला होता.”

आण्णांनी वहीत परतीची नोंद केली. उत्तरानं गठडी सोडली. वास का येतो हे बापलेकीला ठाऊक होतं. आई दर रविवारी सकाळी गच्चीवर मडकी पालथी घालायची, एकेका मडक्यावर एकेक टोप चढवायची आणि कोवळं ऊन असेपर्यंत हातात काठी घेऊन राखणीला बसायची. नाहीतर कावळे घरट्यासाठी केस उपसून न्यायचे. चौदा महिन्यांत मडकी जिन्याखालून हलली नव्हती. दोघं त्या जिन्यानं रोज वर-खाली करत होते.

अडतिसाव्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. निरोप लांब होता.

‘आपल्या छायेने सदतिसाव्या तालमीत संहितेत नसलेले वाक्य घेतले आहे. आपल्या तीन तासांच्या नोंदीत या वाक्याचा उगम सापडत नाही. वाक्य आपल्या पदरचे आहे काय?’

खाली दोन चौकटी होत्या, ‘हो’ आणि ‘नाही’. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. ‘नाही’ म्हटल्यास ती तालीम यंत्राची चूक समजून पुसली जाईल, आणि उरलेल्या तालमींवर आपला क्रम तेविसावा राहील. ‘हो’ म्हटल्यास नऊच्या आत ते वाक्य स्वतः कॅमेऱ्यासमोर म्हणून दाखवावे; जुळल्यास ती तालीम धरून जागा पक्की होईल. जुळणी न झाल्यास छाया आपली नाही असे मानून अर्ज रद्द होईल.

“तेवीस!” नसीमामावशी खांद्यावरून वाचत होती. “चोवीसातली तेवीस! अगं, मग झालंच की काम. दाब ‘नाही’.”

“मावशी, बघू तर दे काय म्हटलंय ते.”

आण्णा चहाचा कप घेऊन जवळ आले. तिघं त्या वीतभर उजेडाकडं वाकले.

पडद्यावर एक मोकळी खोली होती, आणि खोलीत उत्तरा. राखी कपड्यातली, थोडी मोठी वाटणारी, खांदे सैल सोडलेली. प्रवेश साधा होता. परगावाहून मुलगी येते, आईच्या घराला कुलूप असतं. संहितेत पुढं कंसात एवढंच, ‘ती उभी राहते.’ छाया उभी राहिली. उभी राहता राहता तिचे गुडघे वाकले, ती उंबऱ्यापाशी उकिडवी बसली, कपाळाला हात लावला, आणि थेट आरगच्या बायकांच्या चालीत तिनं हेल काढला.

“मडकी पालथी, ऊन गं कवळं,
कोण बसंल आता टोपांजवळं...”

चित्र तिथंच संपलं. आण्णांच्या कपातला चहा बशीत सांडला होता आणि बशीतून हातावर येत होता. त्यांनी हात हलवला नाही.

“हे तू म्हटलंस तिथं, पुण्याला?”

“नाही.”

“मग हिला कुणी सांगितलं?”

उत्तरा आठवत राहिली. तिथं मूकाभिनयाला रोजचं एक काम करून दाखवायचं होतं. तिनं टोप विंचरला होता, विंचरून हवेतल्या हवेत एका मडक्यावर चढवला होता. चढवून झाल्यावर हात जरा वेळ तिथंच राहिले होते. एवढंच. तोंडानं ती काहीच बोलली नव्हती.

“मी नाही सांगितलं,” ती म्हणाली. “पण माझे हात तिथं थांबले होते.”

नसीमामावशीनं पदरानं नाक पुसलं आणि लगेच आवाज चढवला. “थांबू दे. हात थांबले म्हणून जागा सोडतात व्हय? तू म्हटलंच न्हाईस ते, मग ‘नाही’ म्हणायला काय खोटं पडतंय? एक तालीम पुसली तर पुसली. पाटी पुसत न्हाई होय आपण?”

त्यात खोटं काही नव्हतं. आण्णा खुर्चीत बसले. तरुणपणी वीस वर्षं ते प्रॉम्प्टर होते. विंगेत पुस्तक धरून बसायचं, नट अडला की पुढचं वाक्य पुरवायचं. ते फोनकडं न बघता बोलले.

“आमच्या येळंला नट पदरचं वाक्य घ्यायचे. मला लई राग यायचा. मी आपला पुस्तकात बोट घालून शोधतोय, हे कुठल्या पानावरचं. सापडायचं न्हाई. पण एक कळायचं बघ. उसनं वाक्य आणलेला नट घेऊन झालं की लोकांकडं बघतो, टाळी येती का म्हणून. पदरचं असलं की खाली बघतो.”

“हिनं कुठं बघितलं?” मावशीनं विचारलं.

शेवटच्या ओळीला छायेची नजर खाली उंबऱ्यावर होती. तिघांनीही पाहिलं होतं.

आठ वाजले. उत्तरानं स्वतःला चाचपून पाहिलं. भीती असेल तर तिचा आधार घेऊन ‘नाही’ म्हणता आलं असतं, दुःख असेल तर त्याचा आधार घेऊन ‘हो’. दोन्ही हाताला लागत नव्हतं. एक गोष्ट मात्र तिला नको तितकी स्पष्ट दिसत होती. या घरातलं कुणी आईसाठी रडलं नव्हतं. रडली ती पुण्यातल्या एका यंत्राच्या आतली मुलगी, आणि ‘नाही’ दाबलं की तिलाही पुसून टाकणार होते.

“ऊन चढायच्या आत करायला पाहिजे,” ती म्हणाली.

“काय?”

ती उठून जिन्याखाली गेली. मडक्यांवर धुळीचा थर होता, एकात पालीची अंडी, एक तडकलेलं. धड अकरा निघाली. दोन-दोन करत तिनं ती गच्चीवर नेली. खाली नसीमामावशी म्हणत होती, “सदाण्णा, सांगा की काहीतरी पोरीला,” आणि आण्णा फळीवरचे टोप काढत होते.

मडकी ओळीनं पालथी घातल्यावर तिनं फोन कठड्याला टेकवला आणि ‘हो’ दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, ‘जुळणी सुरू’. खाली एक बारीक रेघ सरकू लागली. रेघ हिरवी राहिली तर वाक्य तिचं, लाल झाली तर नाही.

ती उकिडवी बसली. कपाळाला हात लावला. आपला हात कुणा दुसऱ्याचा वाटत होता.

“मडकी पालथी, ऊन गं कवळं...”

आवाज कोरडा आला, किराणा यादी वाचल्यासारखा. रेघ हिरवीच होती. जिन्यात पावलं वाजली. आण्णा दोन्ही हातांच्या कवेत टोप घेऊन वर येत होते, काळे, पांढरे, जटांचे, आणि काखेत काठी. ते फोनच्या मागून वाकून गेले आणि पहिल्या मडक्यावर द्रौपदीचा टोप चढवला. केस वाऱ्यानं जरा हलले.

“कोण बसंल आता टोपांजवळं...”

रेघ हिरवीच. छायेचं वाक्य इथं संपत होतं. आता फोन उचलायचा, बंद करायचा, जागा पक्की. उत्तरा उठणार होती. पण हेल दोन ओळींत थांबत नसतो, आरगच्या बायका श्वास घेऊन पुढं जायच्या, आणि तिनंही नकळत श्वास घेतला होता. घेतलेला श्वास परत कसा ठेवायचा हे तिला कळेना.

“साऱ्यास्नी चहा गं, दिला मी मोजून,
तुझा कप ऱ्हायला, आई, थंड होऊन...”

रेघ सरकायची थांबली. हिरवी राहिली नाही, लाल झाली नाही. जिथं छाया कधी गेलीच नव्हती तिथं यंत्राजवळ जुळवायला काही नव्हतं. ती रेघ जागच्या जागी लुकलुकत राहिली. नवाला बारा मिनिटं होती.

डोळे कोरडेच होते. पुढं अजून एक ओळ उभी होती, की नव्हती, तिला सांगता आलं नसतं. ती खाली बघत बसली.

आण्णा अकराव्या मडक्यापाशी काठी घेऊन टेकले. एक कावळा पलीकडच्या पत्र्यावर येऊन बसला होता. त्यांनी काठी उगारली नाही. वीस वर्षं त्यांना पुढचं वाक्य नेहमी ठाऊक असायचं, आणि ते हळूच पुरवायचे. या खेपेला हातात पुस्तक नव्हतं. त्यांनी लेकीकडं पाहिलं आणि विंगेतून बोलावं तशा दबक्या आवाजात विचारलं,

“पुढं काय गं?”