रळियातच्या पोटातली खोट

सांगतो ते कुणाला पटणार नाही, म्हणून तर सांगतो! आपल्या मोरबीत एका सासूने सुनेचं गर्भाशय सिनेमासारखं पडद्यावर पाहिलं...

त्या सकाळी धाकट्या जावेचा खोळा भरायचा होता, सातव्या महिन्याची ओटी. रळियात ओटीचे तांदूळ उचलायला वाकली, तोच सासू मोंघीबा कडाडल्या, "तू नको! वांझेचा हात लागायला नको त्याला. चुलीपाशी जा!"

नऊ वर्षं हेच ऐकत आलेल्या रळियातच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आलं नाही. काळजात अंगार पेटला... नवऱ्याला दुसरं लग्न करायची मोकळीक तिने स्वतःच्या तोंडाने दिली होती, आता आणखी काय द्यायचं उरलं होतं!

"बा, लेकासाठी आणा दुसरी वहू, मी आडवी येणार नाही. पण आधी माझी खोट डॉक्टरणीकडून तपासून घ्या. तुमच्या डोळ्यांदेखत!"

"येतेच की! मलाही बघायचीय," मोंघीबा नजर चुकवत फणकारल्या.

डॉक्टर छायाबेनने काडीएवढी दुर्बीण आत सरकवली. रळियातने ओठ चावून कळ सोसली. मुठीएवढं गर्भाशय, पण पडद्यावर बघाल तर देवळाचा गाभारा! गुलाबी, झळझळीत... आणि मधोमध, क्षार चढलेली, काळवंडलेली तांबी!

"अहो, तांबी बसवलेली असताना मूल राहील कसं?" छायाबेन चकित झाल्या.

"मी बसवलीच नाही!" रळियात किंचाळली. मग तिने मान वळवली. मोंघीबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पहिलं मेलेलं जन्मलं तेव्हा तू शुद्धीवर नव्हतीस... अंगात रक्त नव्हतं तुझ्या. मीच नर्सला म्हटलं, दोन वर्षं विसावा मिळू दे हिला... पुढे लोक तुलाच बोलू लागले, आणि माझी जीभ उचलेना."

"मला वांझ म्हणायला बरी उचलली, बा!"

छायाबेनने चिमट्याने तांबी बाहेर ओढली. आणि मग काय सांगू! मोंघीबांनी भर बाजारात सुनेच्या पायांवर लोळण घेतली, "पोरी, क्षमा कर!" असा टाहो फोडला की रस्त्यातल्या गाईंचे डोळे पाणावले, आणि रळियातच्या हृदयातला वणवा त्या अश्रूंनी क्षणात...

"खोटं!" बाजरी निवडत माझी गोष्ट ऐकत बसलेली रळियातच ताडकन उठली. "दादा, चक्क खोटं! बा तिथे एवढंच म्हणाल्या, 'घरी चल, कुणाला सांगू नकोस.' पाया कसल्या पडतात! माझ्या पोराला मांडीवरून खाली ठेवत नाहीत, पण क्षमेचा शब्द अजून यायचाय तोंडातून. त्या बघा, हिंडोळ्यावर बसल्यात. विचाराच आज त्यांना, सगळ्यांसमोर!"