फिनेलखालचा वास

मी भित्री नाही, हे आधीच सांगते. अकरा वर्षं लोकांच्या दंडात सुया टोचतेय. सकाळी रोह्यात घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, बर्फाच्या डब्यात ठेवायचे आणि दुपारपर्यंत पेणच्या लॅबमध्ये पोचवायचे, हे माझं काम. स्कूटरवर उन्हाने जीव जायचा, म्हणून फेब्रुवारीत रोह्याच्या सुजयकडून त्याची जुनी गाडी घेतली. पांढरी, नीटनेटकी, सीटकव्हरं कोरी. खोड एकच. एसी लावला की फिनेलचा वास यायचा.

"धुताना जरा जास्त पडलंय, ताई," सुजय म्हणाला. "आठ दिवसांत जाईल."

गेला नाही. चारही काचा उघडून, पंखा जोरात लावून मी गाडी उन्हात उभी केली. वाटीत खायचा सोडा ठेवला, कोळसा ठेवला. आई म्हणाली, "अपेक्षा, धूप तरी फिरव गो एकदा." तोही फिरवला. दोन दिवस धुपाचा वास आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा फिनेल.

शेवटी पेणला कमळाकर मेकॅनिककडे गाडी टाकली. त्याने फिल्टर बदलला, डॅशबोर्ड खोलून ब्लोअर बाहेर काढला, कूलिंग कॉइल फेस मारून धुतली. मग मला जवळ बोलावून कॉइलखालचा ट्रे दाखवला. तळाला पांढरा थर बसला होता. त्यातली चिमूट त्याने माझ्या तळहातावर ठेवली.

"मीठ हाय, ताई. गाडी खाडीच्या पाण्यात गेलती काय?"

"नाही. का?"

"पाण्यात गेली असती तर गंज धरला असता. गंज तर नाय कुठं." तो ट्रेकडे बघत राहिला. "मग ह्ये आत शिरलं कसं?"

त्याने सगळं घासून पुन्हा जोडलं. चार दिवस गाडीत कसलाच वास नव्हता. मी खूश.

पाचव्या दिवशी, मेमधल्या भर दुपारी, मी रोह्याहून निघाले. शेजारी पाय ठेवायच्या जागेत नमुन्यांचा डबा होता. त्यात एका सहा दिवसांच्या बाळाचंही रक्त होतं. बाळाची कावीळ वाढली होती, डॉक्टर रिपोर्टसाठी थांबले होते. नागोठणे मागे पडलं. वडखळही मागे पडलं. आणि एसीच्या झडपांमधून फिनेलचा भपकारा आला, डोळ्यांत पाणी आणणारा. नाकाला पदर लावून मी गाडी दामटली. हळूहळू त्या भपकाऱ्याखालून दुसरा वास वर येऊ लागला. खाडीचा चिखल. घाम. आणि ओकारीचा आंबट वास. तेव्हा कळलं, कुणीतरी ह्या वासावरच फिनेल ओतलं होतं.

मी एसी बंद केला. पंख्याचा आवाज थांबला, पण झडपांतून हवा येतच राहिली. एका धारेने नाही. एक झोत… मग काहीच नाही… मग पुन्हा एक झोत. धाप लागलेलं माणूस श्वास घेतं तशी. बाहेर रस्ता भाजत होता आणि माझ्या मागच्या काचांवर आतून वाफ धरली होती.

एका बंद रसवंतीपाशी मी वेग कमी केला. गाडी कडेला घेणार, एवढ्यात मानेमागून आवाज आला. अगदी हलका, कोरड्या घशातला.

"नको गो… उतरवू नको…"

माझा हात दाराच्या कडीवर गेला. उडी मारून पळाले असते तर कुणी मला नावं ठेवली नसती. पण डब्यात त्या बाळाचं रक्त होतं. आणि खरं सांगू? मला संताप आला. ह्या गाडीत मला कोण घाबरवणार?

"कोण उतरवतंय तुला?" मी ओरडले. आवाज चिरकला, तरी ओरडले. "गाडी माझी हाय! कोणी बसायचं नि कोणी उतरायचं ते मी ठरवीन. बोल, कुठं जायचंय?"

धापेतूनच शब्द आला.

"दवाखान्यात…"

"मग बस गप."

चारही इंडिकेटर लावले, हॉर्नवरचा हात काढला नाही. पेणच्या सरकारी दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली आणि स्वतः जाऊन मागचं दार सताड उघडलं. वॉचमन स्ट्रेचर ढकलत आला. रिकामी सीट बघून म्हणाला, "पेशंट कुठाय?"

"थांबा जरा," मी म्हटलं.

काचांवरची वाफ वरून खाली उतरत गेली. वास माझ्या अंगावरून बाहेर गेला. वॉचमनने मान वर केली. "मिठागराचा वास हा," तो पुटपुटला. "माझी आय घरी यायची तवा असा यायचा." का कुणास ठाऊक, त्याने स्ट्रेचर रिकामंच आत नेलं, सावकाश, हिसका न देता.

मी धावत जाऊन नमुने लॅबमध्ये दिले आणि परत गाडीपाशी येऊन सुजयला फोन लावला.

"गाडीतून कुणाला उतरवलंस?"

त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "मागच्या मेमध्ये, ताई… मिठागरावरची बाई होती. साप चावला होता. वडखळच्या पुढं तिनं हात केला, मी घेतली. पण तिला उलट्या व्हायला लागल्या, डोळे फिरवले तिनं. गाडीत गेली असती तर? पोलीस, कोर्ट… मी तिला रसवंतीपाशी उतरवली. म्हटलं, मागून रिक्षा येईल."

"आली?"

"नाही, ताई."

"नाव काय तिचं?"

"जनी. पेपरात आलं होतं."

"बरोबर कोणी होतं?"

"एकटीच होती. देवाशपथ."

"ऐक. उद्या सकाळी मी तुझ्या दारात गाडी आणते. मागच्या सीटवर बसायचं, तिच्या घरी यायचं आणि जे केलंस ते तिच्या माणसांना तोंडाने सांगायचं."

"मी नाही येणार, ताई."

"मग मी त्यांना घेऊन तुझ्या दारात येते. गाडी माझी आहे."

फोन ठेवला. मागचं दार लावलं, गाडीत बसले. हवा स्वच्छ होती. मी छातीभर श्वास घेतला आणि चावी फिरवली.

टुण्. टुण्. टुण्.

समोर पट्ट्याचा लाल दिवा लागला होता. शेजारच्या सीटवर माणूस बसलंय आणि त्याने पट्टा लावलेला नाही. सीटवर काही नव्हतं. माझी पर्ससुद्धा माझ्या मांडीवर होती. जनी तर मागच्या दाराने उतरून गेली होती; हे दुसरंच कोणीतरी होतं.

मी वाकले आणि पलीकडचा पट्टा ओढला.

"उद्या आधी जनीच्या घरी," मी म्हटलं. "मग तुझं बघू."

खटका बसला, आवाज थांबला. रिकाम्या सीटला लागतो त्यापेक्षा पट्टा वीतभर जास्त लागला होता.