मैनाच्या रक्ताची प्लेट

पाचव्या दिवशी सुंदराबाईंनी नातीला दुपट्यात गुंडाळून पुढे केलं, घ्या आत्याबाई, पहिली मांडी तुमची, असं म्हणाल्या, आणि मैना दोन पावलं मागे सरकली... घरात पाचवी पूजायची नाही हे छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून ठरलेलंच होतं, पण पाचव्या दिवशी पोर आत्याच्या मांडीवर घालायची एवढी एक रीत सुंदराबाईंनी पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती. मैनानं पदर तोंडाशी धरला, उंबऱ्यातूनच त्या इवल्याशा तोंडाकडे पाहून घेतलं, दवाखान्यात काम पडलंय म्हणाली आणि चपला घालून चालती झाली. समोर आलेला चहासुद्धा घेतला नाही.

मग काय विचारता! सुंदराबाई म्हणजे लीलाची आई, लेकीच्या बाळंतपणासाठी अकोल्याहून आलेली, जिभेला हाड नसलेली बाई. जिचा स्वतःचा संसार उभाच राहिला नाही तिच्या डोळ्यात भावाचा भरला संसार खुपायचाच, असं त्या अंगणापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात म्हणाल्या. लीलानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मैनाचा भाऊ धर्मपाल तिथंच खुर्चीत बसला होता, तो सासूला गप्प बसा म्हणाला नाही. मैनाला यातलं अर्धंच ऐकू आलं, कारण गेले पंधरा दिवस तिच्या कानात रातकिडा बसल्यागत किरकिर चालली होती. पण अर्धंही पुरेसं होतं.

या धर्मपालला तिनं वाढवलं होतं. बाप बुधाजी अकोल्याच्या जिनिंगमध्ये सरकीच्या धुरळ्यात आयुष्य काढून, खोकून खोकून गेला. त्या वर्षी धर्मपाल मॅट्रिकला होता. परीक्षेचा पहिला पेपर सुरू झाला तेव्हा हा पठ्ठ्या बापाच्या उशाशी बसलेला, कितीही हाकललं तरी उठला नाही, वर्ष गेलं ते गेलंच. पुढे मैनानं अमरावतीच्या एका धर्मादाय दवाखान्यात काचेच्या बाटल्या धुण्याचं काम धरलं, दोन स्थळं परत पाठवली आणि भावाला डॉक्टर करूनच श्वास घेतला. तोही त्याच दवाखान्यात लागला. बाटल्या धुता धुता मैना शिकत गेली. अकरा वर्षांत ती सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून जंतू ओळखू लागली, आणि प्लेटा तर तिच्याइतक्या नीट त्या दवाखान्यात कोणालाच ओतता येत नव्हत्या.

काम तसं साधं होतं. काचेच्या चपट्या झाकणीत आगर, म्हणजे समुद्री शेवाळाची खळ, थिजवायचं, त्यात माणसाचं रक्त मिसळायचं, कारण काही जंतूंना रक्ताशिवाय घास उतरत नाही. त्यावर रोग्याचा पू सारवायचा आणि औषधात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या टिकल्या मांडायच्या. त्या टिकल्या ती ऑफिसातल्या कागदाला भोक पाडायच्या यंत्रानं टीपकागदातून स्वतः पाडायची. दुसऱ्या दिवशी सगळीकडे जंतूंची साय धरलेली असते. ज्या टिकलीभोवती ती धरत नाही, चंद्राला पडतं तसं स्वच्छ खळं पडतं, ते औषध त्या रोग्याला लागू. खळं नाही, तर औषध फुकट.

आणि त्या प्लेटांमधलं रक्त मैनाचं होतं. पूर्वी एक धनगर मेंढी घेऊन यायचा. तो यायचा थांबला तेव्हा मैनानं दंड पुढे केला, तो सहा वर्षं तसाच दर सोमवारी पुढे होत राहिला. आपल्या रक्तावर गावाचे रोग उगवतात आणि ओळखू येतात, याचा तिला मनातून अभिमान होता. कधी बोलून दाखवला नाही एवढंच.

त्या फेब्रुवारीत, म्हणजे बासष्टच्या, तिला खोकल्यातून रक्ताचा धागा दिसला. कोणाला न सांगता तिनं आपलीच थुंकी काचेवर घेतली, रंगवली, दुर्बिणीखाली धरली. निळ्या भुईवर लाल काड्या. बापाचा रोग, क्षय! ती काच तिनं ॲसिडात टाकली, हात धुतले आणि उरलेली सात कामं उरकली.

सांगायचं कोणाला? धर्मपालला मुंबईला एम.डी.ची जागा मिळाली होती, जूनमध्ये हजर व्हायचं होतं. ज्यानं बापापायी मॅट्रिकचं वर्ष सोडलं तो बहिणीपायी मुंबई सोडणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. जूनपर्यंत तोंड शिवायचं, तो आगगाडीत बसला की मग पाहू. फक्त नर्स दुर्गाबाईला तिनं विश्वासात घेतलं. दुर्गाबाई रोज सकाळी आठला तिला स्ट्रेप्टोमायसीनची सुई टोचू लागली. लीलाला नववा लागलेला, पोटातल्या जिवाला आपला वारा नको, म्हणून मैना घर सोडून दवाखान्यामागच्या खोलीत राहायला गेली. कारण सांगितलं नाही. वहिनीच्या ऐन गरजेला नणंद निघून गेली, एवढंच लोकांनी पाहिलं. हाक मारली तर ओ देत नाही, भारी ताठा चढला, असंही म्हणाले. तो ताठा त्या सुईचा होता, त्या औषधानं मैनाचे कान हळूहळू बसत चालले होते.

सोमवारचा दंड मात्र तिनं मागे घेतला नाही. घेतला असता तर धर्मपालनं पहिला प्रश्न विचारला असता, काहून? आठला दुर्गाबाई औषध आत घालायची आणि नऊला तीच दुर्गाबाई रक्त बाहेर काढायची. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

पाचव्या दिवशीच्या त्या रागारागीनंतर संध्याकाळी लीलाला हुडहुडी भरली. सकाळी तिला दवाखान्यात आणलं तेव्हा अंग तव्यासारखं तापलं होतं आणि बाळंतपणातले टाके चिघळले होते. धर्मपालनं आधी पू काढून मैनाच्या टेबलावर पाठवला आणि मग पेनिसिलीन सुरू केलं. मैनानं काच रंगवली. जांभळ्या जंतूंचे घोसच्या घोस! तिनं प्लेट सारवली, टिकल्या मांडल्या आणि ती पेटीत उबेला ठेवली. त्या दिवशी ती चार वेळा वॉर्डाच्या दारापर्यंत गेली आणि चारही वेळा तिथूनच परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट कोरी होती.

लीलाचा ताप एकशे पाचवर गेला होता, ती असंबद्ध बोलत होती. धर्मपालनं प्लेट हातात घेऊन उजेडात धरली. काचेवरचे पू-जंतू मेलेलेच होते, म्हणजे हा ताप वेगळाच काही आहे, मी हिवतापाचं औषध चालू करतो, असं म्हणून तो वळला. त्याचे डोळे रात्रभर जागून सुजले होते.

मैना काचेकडे पाहत होती. काचेवर घोस आणि प्लेट कोरी, हे कसं? तिनं निकालाच्या वहीची मागची पानं उलटली. तीन सोमवार झाले, कोऱ्या प्लेटा वाढल्या होत्या, आणि ज्या उगवल्या होत्या त्यातल्या एकीवरही स्ट्रेप्टोमायसीनच्या टिकलीला खळं नव्हतं. एकीवरही नाही... ते औषध तिच्या रक्तातच होतं! ज्या जंतूंना ते मारतं ते तिच्या रक्तावर उगवतच नव्हते, जे त्याला जुमानत नाहीत तेवढेच उगवून वहीत बसले होते. तीन आठवडे तिची वही गावाला खोटं सांगत होती. आणि लीलाचे जंतू तिच्या रक्तावर मेले, म्हणजे लीलाचं औषध कोणतं ते ही कोरी प्लेटच ओरडून सांगत होती.

नव्या रक्ताची प्लेट करायची तर आणखी एक दिवस. तो दिवस लीलाजवळ नव्हता. गुपित ठेवावं तर वहिनी जाते, सांगावं तर भावाची मुंबई जाते. मैनाला विचार करायला जेवढा वेळ लागला तेवढा काच पुसायलासुद्धा लागत नाही.

"धर्मा, हिवतापाचं नको. तिले स्ट्रेप्टोमायसीन दे."

"तुह्याच वहीत पाह्य ना, आक्का. तीन आठवड्यात एकाले तरी खळं पडलं का त्याचं? त्याच्यानंच तर मी वॉर्डात ते बंद केलं."

"वही खोटी आहे." तिनं पदर खांद्याभोवती ओढून घेतला. "माह्या रक्तात ते औषध आहे. बावीस दिवस झाले, दुर्गाबाई मले रोज सकाळी सुई टोचून राहिली. बाबाचा रोग मले लागला."

गळ्यातली नळी धर्मपालनं कानाला लावली, तिला पाठ फिरवायला सांगितलं, आणि औषधांचा वास भरलेल्या त्या खोलीत, बाटल्यांच्या रांगेपुढे, बहिणीच्या पाठीवर तो ऐकत उभा राहिला. एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं.

"बाबासारखंच वाजून राहिलं," तो म्हणाला, आणि धावत वॉर्डाकडे गेला.

लीलाला पहिली सुई त्याच तासाला लागली. धर्मपालनं आपला दंड दुर्गाबाईपुढे धरला, त्या रक्ताच्या नव्या प्लेटा मैनानं ओतल्या, आणि दुसऱ्या दिवशी भावाच्या रक्तावर लीलाचे जंतू दाट माजले. पेनिसिलीनच्या टिकलीला खळं नाही, स्ट्रेप्टोमायसीनभोवती रुपयाएवढं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि लीलानं पेज मागितली.

पण गोष्ट इतकी गोड नाही. तीन आठवड्यांत अकरा रोग्यांचे कागद चुकीचे गेले होते, त्यातल्या पुंजाराम नावाच्या संत्र्याच्या बागेतल्या माळ्याचं पायाचं बोट कापावं लागलं होतं. मैनानं अकराही नावं काढून दिली. पुंजारामच्या खाटेपासून चार हात लांब उभं राहून, चूक माझी, असं ती स्वतः बोलली. तो बिचारा ऐकून म्हणाला, बोटच ना बाई, नऊ आहेत अजून. त्या एका वाक्यानं जी मैना लाल काड्या पाहून रडली नव्हती ती भिंतीला टेकून ढसाढसा रडली. त्याग करणाऱ्या माणसाला वाटतं की आपण देतोय ते फक्त आपलं, पण तसं नसतं, तिच्या मौनाची किंमत पुंजारामच्या पायानं दिली होती.

त्यानंतर चार दिवसांनी धर्मपाल तिच्या खोलीच्या दारात आला, मुंबईला पत्र टाकलं, जागा सोडली, एवढंच त्यानं सांगितलं. ज्याच्यासाठी सगळं केलं तेच पाण्यात गेलेलं पाहून मैना कळवळली, मले विचारलं तरी का, असं म्हणाली.

"तू मले न विचारता जीव देऊन राहिली होती," तो म्हणाला, "मी तुले न विचारता जागा देली. फिटंफाट." मग तो उंबऱ्यावरच बसला. "सासू बोलत होती तवा मी चूप बसलो, आक्का. त्याचं मात्र कायनंच फिटत नाही."

मैनाला अकोल्याच्या क्षयाच्या वॉर्डात ठेवलं. लीला अंगात बळ येताच आईपुढे उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आईला बोलली, की ती बाई माझ्या लेकीपासून मागे सरली म्हणून माझी लेक जगली, आणि तिच्या रक्तानं सांगितलं म्हणून मी. बाराव्या दिवशी बारसं झालं नाही. नाव आत्यानं कानात सांगायचं असतं, ती येईल तेव्हा ठेवू, असं लीलानं ठरवून टाकलं. सुंदराबाई कुरकुरल्या, पोरगी बिननावाची शाळेत जाईल म्हणाल्या, पण मैनासाठी ज्वारीच्या पापड्यांचा डबा अकोल्यातल्या आपल्या घरून त्याच पोचवू लागल्या. दर रविवारी धर्मपाल आणि लीला पोरीला घेऊन यायचे, तिच्यासह तारेच्या कुंपणापलीकडे लिंबाखाली थांबायचे, आणि मैना खिडकीतून पाहायची. पोरगी आधी मान धरायला लागली, मग बसायला, मग लिंबाचं खोड धरून उभी राहायला. पुढे सुया बंद होऊन गोळ्या नि कडू पुड्या आल्या, पण कान गेले ते गेलेच.

चौदा महिन्यांनी तीनदा तपासलेल्या थुंकीत एकही लाल काडी दिसली नाही. तिसरी काच धर्मपालनं स्वतः पाहिली, मग मैनाला दुर्बिणीवर बसवून तिलाही पाहायला लावली. ती अर्धा तास उठली नाही, सगळी काच कोपरा न् कोपरा पाहिली, तेव्हा कुठं तिचा विश्वास बसला.

बारशाला अमरावतीच्या त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. नऊ बोटांचा पुंजारामही टोपलीभर संत्री घेऊन दारात बसला होता. पाळण्यात मावेना म्हणून लीलानं पोरीला उचललं आणि सरळ मैनाच्या मांडीवर आणून ठेवलं. वात्सल्यानं व्याकूळ झालेल्या मैनानं पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच नाव सांगितलं. हळूच म्हणजे तिच्या मते. स्वतःचा आवाज किती लागतो याचा तिला आता अंदाज उरला नव्हता, त्यामुळं कानात सांगायचं विशाखा हे नाव घरानं, शेजारानं आणि रस्त्यावरच्या टांगेवाल्यानंही ऐकलं. कोणी हसलं नाही. लीलानं डोळ्यांना पदर लावला.

पोरगी दचकून रडायला लागली. ते रडणं मैनाला ऐकू आलं नाही, पण छातीला लागून थरथरणारं अंग कळलं, तिनं तिला उराशी धरून थोपटायला सुरुवात केली, आणि रडता रडता पोरगी तिच्या खांद्यावर झोपली. सुंदराबाई चहाचा कप घेऊन समोर आल्या. मैनानं मानेनंच सांगितलं, थांबा, हात रिकामे नाहीत.